अवधानन्यूनता-अतिचंचलता विकारावरील औषधांचा सुरक्षित वापर

एकाग्रतेचा अभाव, अतिचंचलता आणि अविचाराने कृती करण्याची प्रवृत्ती ही लक्षणे बालपणापासून टिकून राहिली व त्यांमुळे शिक्षण आणि दैनंदिन व्यवहार यांत अडथळा येऊ लागला, म्हणजे त्या अवस्थेस अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार म्हणतात. यावरील प्रमुख औषधे मेंदूस उत्तेजन देणाऱ्या वर्गातील असून ती चिकित्सकाच्या चिठ्ठीवरच मिळतात. योग्य निदान व सतत देखरेख असेल, तर ती उपकारक ठरतात. देखरेख सुटल्यास तीच अपायकारक होऊ शकतात. त्यांच्या वापराचा इतिहास हा मुख्यतः या देखरेखीचाच इतिहास होय.

प्रारंभ : अशा मुलांचे पद्धतशीर वर्णन ब्रिटिश बालरोगतज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत केले, परंतु त्या काळी औषधोपचार उपलब्ध नव्हता. अँफेटामीन हे संयुग १८८७ मध्येच बर्लिन येथे रूमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एदेल्यानू यांनी तयार केले होते. तथापि त्याचे औषधी गुण १९३० च्या सुमारास ध्यानात आले आणि ‘बेंझेड्रीन’ या नावाने ते विकले जाऊ लागले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅड्ली हे चिकित्सक काम करीत होते. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी मस्तिष्क-मेरुद्रव काढून घेतल्यावर मुलांना तीव्र डोकेदुखी होई. तीवर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रीन देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी कमी झाली नाही. परंतु अनेक मुलांचे अभ्यासात लक्ष लागू लागले आणि त्यांचे वर्तनही शांत झाले. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, हे अनपेक्षित होते. १९३७ मध्ये ब्रॅड्ली यांनी ३० मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा आढळली. ही मुले रुग्णालयातच राहत असल्याने परिचारिका व शिक्षक यांचे त्यांच्यावर सतत लक्ष असे. औषध सुरू होण्यापूर्वीचे, चालू असतानाचे व थांबविल्यानंतरचे वर्तन यांची तुलना करण्यात आली होती.

प्रसार व नियंत्रण : स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लेआंद्रो पानिझ्झोन यांनी १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीच्या ‘रीटा’ या नावावरून त्यास ‘रिटालिन’ हे नाव पडले. १९५० नंतरच्या दशकात ते बाजारात आले आणि पुढे अतिचंचल मुलांसाठी त्याचा वापर वाढत गेला. मेंदूतील डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन ही द्रव्ये तंत्रिका कोशिकांत परत शोषली जाण्यास ते प्रतिबंध करते. साध्या गोळीचा परिणाम ३ ते ४ तासच टिकतो.

नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात ५ ते १० टक्के शालेय मुलांना अशी औषधे दिली जातात, अशी बातमी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. हा आकडा अतिशयोक्त असल्याचे पुढे दिसून आले. तथापि तिने मोठी खळबळ उडाली व अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. शाळेस गैरसोयीचे वाटणारे प्रत्येक मूल रोगी ठरेल काय, हा त्यातील खरा प्रश्न होता. शासनाने नेमलेल्या तज्ञमंडळाने १९७१ मध्ये असे मत दिले की, निदान चिकित्सकानेच करावे व उपचार स्वीकारण्याची सक्ती पालकांवर करू नये. औषध घेण्याची अट शाळांनी घालू नये, अशी तरतूद त्या देशाच्या कायद्यात २००४ मध्ये झाली.

व्यसन जडण्याच्या संभवामुळे १९७१ च्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात अँफेटामीन व मेथिलफेनिडेट यांचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत झाला. भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येते.

दुष्परिणामांचा अभ्यास : भूक मंदावणे, झोप न लागणे, पोटदुखी, तसेच नाडीचा वेग व रक्तदाब किंचित वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम होत. मुलांच्या वाढीवरील परिणामाकडे १९७२ मध्ये प्रथम ठळकपणे लक्ष वेधले गेले. पेमोलीन हे औषध यकृतास गंभीर इजा करू शकते असे आढळल्याने २००५ मध्ये अमेरिकेतून मागे घेण्यात आले. त्याच वर्षी आकस्मिक मृत्यूंच्या नोंदींमुळे कॅनडाने अँफेटामीनच्या एका दीर्घप्रभावी औषधाची विक्री थांबविली. परंतु पुरावा अपुरा ठरल्याने काही महिन्यांतच ती पुन्हा सुरू झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ लाखांहून अधिक मुले व तरुण यांच्या पाहणीत हृदयविकाराचा धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही हृदयरोग असलेल्या रुग्णांबाबत सावधगिरी आवश्यक मानली जाते. ॲटोमॉक्सेटीन हे उत्तेजक नसलेले औषध २००२ पासून उपलब्ध आहे. मात्र त्याने काही मुलांत आत्महत्येचे विचार बळावू शकतात, असा इशारा २००५ मध्ये देण्यात आला.

देखरेखीचे महत्त्व १९९९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यात ५७९ मुलांवर १४ महिने उपचार करण्यात आले. काळजीपूर्वक मात्रा ठरवून दरमहा तपासणी केलेल्या मुलांत लक्षणे अधिक घटली. बाहेरच्या चिकित्सकांकडे नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना अशीच औषधे मिळत होती. तथापि त्यांच्यात तितकी सुधारणा झाली नाही.

सुरक्षित वापराचे नियम : औषध सुरू करण्यापूर्वी वजन, उंची, नाडी व रक्तदाब नोंदवितात आणि कुटुंबात हृदयरोग किंवा आकस्मिक मृत्यू घडला आहे काय, याची चौकशी करतात. आरंभ अल्प मात्रेने करून ती हळूहळू वाढवितात व वरील नोंदी ठराविक काळाने पुन्हा घेतात. शाळेत जाण्याच्या वयापूर्वी पालकांना वर्तनविषयक मार्गदर्शन देणे हा पहिला उपाय होय. दीर्घप्रभावी गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये. तसे केल्यास संपूर्ण मात्रा एकाच वेळी शोषली जाते. काही विशिष्ट अवसादरोधक औषधे थांबविल्यानंतर १४ दिवस मेथिलफेनिडेट देत नाहीत. औषधे कुलपात ठेवावीत आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. जागरण करण्यासाठी किंवा परीक्षेच्या तयारीसाठी निरोगी व्यक्तीने ती घेणे हा दुरुपयोगच होय. अशा देवघेवीतून व्यसन व अतिमात्रेचे धोके संभवतात, हा इशारा अमेरिकेतील औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सर्व उत्तेजक औषधांच्या वेष्टनपत्रकांत समाविष्ट करावयास लावला.

या विकारावर औषध न मिळाल्याने शिक्षणात मागे पडलेले मूल आणि निदानावाचून औषध मिळालेले मूल या दोघांचेही नुकसान होते. म्हणून औषध चालू ठेवावे की थांबवावे, याचा निर्णय चिकित्सक, पालक आणि स्वतः रुग्ण यांनी वेळोवेळी नव्याने घेणे आवश्यक असते.