पाण्याची वही

दसऱ्याचं सोनं लुटून झालं, की आमच्या ढवळपुरीच्या माळावर कोकणाची बोलणी सुरू व्हायची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचा, भातखाचरांत ती रात्री बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मिरगाच्या आत वर यायचं. पारनेर तालुक्यातल्या धनगरांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. सोबत चालणारी सात-आठ बिऱ्हाडं.

१९७२ साली मी पाचवीत होतो. पाऊस गेलेला, माणसं खडी फोडायला लागलेली. त्या साली बोलणी पितृपक्षातच सुरू झाली. नेहमीची वाट माळशेजची, पण पुढं जाऊन पाहून आलेला चुलता म्हणला, वाटेवरची पाणी आटल्यात. तेव्हा आजानं नाणेघाटाचं नाव काढलं. तो तरुणपणी त्या वाटेनं गेलेला, बा कधीच नाही.

"घे वही, सांगतो तसं लिव्ह," आजा मला म्हणला. वाड्यात लिहिता येणारा मी एकटा.

त्यानं गावं कमी सांगितली, पाणी जास्त. अमक्या ओढ्यातला झरा, आळ्याच्या अलीकडची विहीर, जुन्नरजवळ कुकडीचं पात्र. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत एक मुक्काम, आणि तेही कोकरू चालंल तेवढंच. जिथं दोन मुक्काम एकात घालावे लागले, तिथं आय गप झाली. लंगडी नि म्हातारी मेंढरं आधीच विकावी लागणार होती, आणि दुष्काळात भाव कोण देतो?

नाणेघाट उभा, दगडी पायऱ्यांचा. पण माथ्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांमागं, जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडं माल याच वाटेनं जायचा. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण तिथंच आहे. लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञात दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडे आहेत, हे मी फार पुढं वाचलं. आजाला राणी ठाऊक नव्हती. टाकी ठाऊक होती.

वही मीच वाचणार, म्हणजे मला न्यावंच लागणार, असा माझा हिशेब. बा म्हणला, "तुजी शाळा हाय." मग रोज रात्री मी वाचायचो नि बा पाठ करायचा. एक मुक्काम चुकला, की पुन्हा पहिल्यापासून.

पाडव्यानंतर वाडा निघाला. आजाचे गुडघे गेलेले, तोही मागंच राहिला. दिवेलागणीला मला म्हणायचा, "काढ वही. आज कुठल्या पाण्यावर आसतील?"