सहा जणांतला एक मुरूडचा

मंडळी, मुंबईला गेलात तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जरूर डोकवा. ही गॅलरी १९५२ ची. त्याआधी नव्या वळणाच्या कलाकारांना प्रदर्शनाला भिंत मिळायची मारामार होती.

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि सदानंद बाकरे. पाच चित्रकार, शिल्पकार एकटे बाकरे. १९४९ ला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, १९५१ ला बाकरे लंडनला गेले. १९७५ च्या सुमारास परतले ते थेट आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडला. २००७ साली वारले.

म्हणजे तीसेक वर्षं हा माणूस आपल्यात होता. हुसेन सगळ्यांना ठाऊक, बाकरे म्हटलं की लोक 'कोण हो?' विचारतात.

पुतळ्यांच्या अनावरणाच्या बातम्या मी ढिगानं लिहिल्यात. कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं ठळक असतात, शिल्पकाराचं विचारत फिरावं लागतं. घडवणाऱ्याचं नाव कोरायची सवयच नसेल, तर बाकरे कसे लक्षात राहणार?

माझं म्हणणं एवढंच. यापुढे प्रत्येक पुतळ्याखाली शिल्पकाराचं नाव हवं. आणि मुरूडला येणाऱ्या पर्यटकांना बाकऱ्यांची ओळख सांगणारा एक साधा फलक. खर्च कितीसा येणार? तुम्हाला काय वाटतं, लिहा.