दुष्काळ आणि ख्रिस्ती सेवाकार्य (महाराष्ट्र)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या माणसांना, विशेषतः स्त्रिया व अनाथ मुलांना, ख्रिस्ती व्यक्तींनी आणि मिशनांनी दिलेला आसरा, अन्न व रोजगार. त्याचे सर्वांत मोठे केंद्र पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथील पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन. नगर जिल्ह्यापासून बीडमधील आष्टी, पाटोदा, पाली या बालाघाटाच्या अंगाने पसरलेल्या कमी पावसाच्या मुलखात या कामाचा दुसरा, तुलनेने कमी चर्चिला गेलेला धागा आहे. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते, तर नगर इंग्रजी अंमलाखाली. दुष्काळाने ही सीमा मानली नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या कामाकडे पुस्तकातून आल्या नव्हत्या. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्या वर्षी पुण्यास हलले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी कामांच्या आसपास आणि सरकारी अनाथगृहांत बेवारस मुलींचे काय होते हे त्यांनी पाहिले आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया सोबत आणल्या. पुण्यात प्लेग पसरलेला. एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य होते. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन मग कामी आली. आधी छपराच्या झोपड्या, मग विहिरी, मग पक्क्या इमारती असा तो पसारा वाढला. गुजरात-राजपुतान्यात ज्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात तिकडूनही मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांवर गेली.

इतक्या जणींना रोज जेवू घालणे हेच मोठे काम होते. पण केडगावचे वैशिष्ट्य त्यापुढचे आहे. मुलींना दळण-कांडणापासून शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखान्यातील खिळे जुळवण्यापर्यंत कामे शिकवली गेली. अंध मुलींना ब्रेल शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन ही वेगळी व्यवस्था होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच छापखान्यात, याच बायकांच्या हातून छापले गेले. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलीने पुढे पुस्तकाची पाने जुळवावीत, ही गोष्ट धर्मप्रचाराच्या कोणत्याही अहवालापेक्षा अधिक सांगते.

रमाबाई सरकारच्या लाडक्या होत्या असे मात्र नाही. पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. दुसऱ्या बाजूने त्यांना स्वजनांचा रोषही होताच. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात या वादातून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. केडगाव तर उघडच ख्रिस्ती संस्था होती. भुकेल्या मुलीला अन्न देणाऱ्याचा धर्म ती स्वेच्छेने स्वीकारते की उपकाराच्या ओझ्याखाली, हा प्रश्न टीकाकारांनी द्वेषाने विचारला असला तरी तो खोटा नव्हता. तितकेच खरे हेही, की त्या वेळी त्या मुलींना दारात घेणारे दुसरे घर क्वचितच होते.

दुसरा धागा नगरचा. तेथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात पुढाकार घेतला. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या आवाहनावरून जमलेला मका १९०० मध्ये ‘क्विटो’ जहाजाने मुंबईस आला. आलेल्या धान्यापेक्षा नगरच्या मिशनच्या कार्यशाळेत डी. सी. चर्चिल यांनी सुधारलेल्या हातमागाचा उपयोग मात्र अधिक टिकाऊ म्हणावा लागेल.

१९७२च्या दुष्काळानंतरचा टप्पा वेगळा. नगर परिसरात काम करणारे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी अन्नवाटपाऐवजी पाणलोटाचा मार्ग धरला. त्यातून नाबार्डच्या साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कामाचे परिचित गाव. सहभागी गावांपुढे ठेवलेल्या अटी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या होत्या. धर्माचा त्यांत उल्लेख नव्हता.