एका कान्याचं अंतर

किनवटला बँकेसमोरच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास कानावर येतो. "माय, तुझा पगार पडला का?" विचारणारी सत्तरीची असते, जिला विचारलं तीही सत्तरीचीच. दोघींनी जन्मात कुठं नोकरी केलेली नसते. कापूस वेचलेला असतो, तेंदूपत्ता तोडलेला असतो, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली असते. त्यांचा पगार म्हणजे संजय गांधी निराधार नाहीतर श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये. सरकारी कागद याला कुठं 'अनुदान' म्हणतो, कुठं 'अर्थसाहाय्य'. बायकांनी मात्र स्वतःचा शब्द निवडला आणि तो सगळ्या मराठवाड्यात रुजला. मी निवृत्त शिक्षक. माझ्या खात्यात दरमहा येते ती पेन्शन, त्यांच्या खात्यात येतो तो पगार. पूर्वी हा शब्द मला चुकीचा वाटायचा. आता वाटतं, सगळ्यांत नेमका शब्द त्यांनीच वापरला.

पगार आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांचं 'पागार' म्हणजे देणं चुकतं करणं, आणि त्याच्याही मागं लॅटिनमधलं क्रियापद उभं आहे, त्याचा अर्थ शांत करणं. ज्याचं देणं लागतो त्याला त्याचं देऊन शांत करायचं. म्हणजे पगार म्हटलं की कुणीतरी कुणाचं तरी देणं लागत होतं, हे त्यात आलंच. पेन्शनचं मूळ लॅटिनमध्येच, पण वेगळं. ते वजन करण्याशी जोडलेलं आहे, कारण तेव्हा पैसा तोलून देत. निवृत्तिवेतन हा आपला संस्कृत घडणीचा शब्द. तो सुबक आहे, पण कट्ट्यावर तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

इंग्रज यायच्या आधी आपल्याकडे असं काही नव्हतं असं नाही. वर्षासन होतं. मुळात तो शब्द वर्षाशन, म्हणजे वर्षभराचं अशन, वर्षाचं अन्न. ते विद्वानांना, देवस्थानांना मिळे. मराठेशाहीच्या कागदांत बालपरवेशी भेटते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोरांच्या पालनपोषणासाठी दिलेली ही नेमणूक. फारसी 'परवरिश' मराठी जिभेवर अशी वळली, आणि त्यात बाळ आलं. मला हा शब्द फार जवळचा वाटतो.

पण हे सगळं ज्या खजिन्यातून जायचं, तो कोण भरत होतं? त्या काळच्या करांची नावंच सांगतात. म्हैसपट्टी, लग्नटका, विधवेच्या पुनर्विवाहावर पाटदाम, कारागिरांवर मोहतर्फा. म्हैस पाळणारा, पोरीचं लग्न करणारा, चाकावर मडकं घडवणारा देत होता.

श्रावणबाळचा अर्ज घेऊन म्हातारी जाते त्या कचेरीचं नावही पाहा. तहसील म्हणजे अरबीत मिळवणं, गोळा करणं. महसूल त्याच धातूतला, आणि "त्यात काय हशील?" म्हणतो तो हशीलही तिथलाच. निजामाच्या अमलात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 1956 साली ते नांदेडला जोडलं गेलं. निजामाच्या काळापासून लोक तहसिलीत जायचे ते द्यायला. घ्यायला जायची पाळी 1980 नंतरची, निराधार योजना आल्यावरची.

द्यायचं आणि घ्यायचं यांची गाठ महाराष्ट्रानं एकदा फार चांगली मारली होती. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली. तिला पैसा कुठून आणायचा? 1 एप्रिल 1975 पासून व्यवसाय कर लागू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. शहरात पगार घेणाऱ्यानं, धंदा करणाऱ्यानं थोडं द्यायचं, त्यात राज्यानं तेवढीच भर घालायची, आणि त्यातून गावातल्या हाताला काम द्यायचं. मोहतर्फ्याचा अर्थही कसबावरचा, व्यवसायावरचा करच. पण इथं त्याची दिशा पार फिरली होती. नोकरीच्या उत्तरार्धात माझ्या पगारपत्रकात या कराचं 'पीटी 200' असायचं, फेब्रुवारीत 300. "पीटी कटली" म्हणून शिक्षक-खोलीत कुरकुर चालायची. त्या दोनशेचा खडी फोडणाऱ्या बाईशी काय संबंध, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मीही वर्गात कधी सांगितलं नाही.

यातला अन्याय आकड्यात आहे. राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे, ती 1988 पासून तशीच आहे. महिन्याला पंधरा हजार मिळवणारा गडी 2500 देतो आणि पंधरा लाख मिळवणाराही 2500. वरच्याला त्याचा चिमटाही बसत नाही. काही करांचे तर शब्दच व्यवहारातून गेले. मेल्यानंतर मागं राहिलेल्या मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी 1985 ला गेली, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात संपला. आजच्या पोरांना विचारा, हे शब्द त्यांनी ऐकलेलेही नसतात. केंद्राकडून ऐंशीच्या आतल्या गरीब म्हाताऱ्याला मिळणारे 200 रुपये मात्र 2007 पासून दोनशेच आहेत. बाकीची भर राज्य घालतं.

2023 च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा चहाच्या टपरीवर मी ऐकलं, "सगळा पैसा यांच्याच पगारात जातो, म्हाताऱ्यांना कुठून मिळणार?" शिक्षक आणि निराधार बाई यांना समोरासमोर उभं केलं, की तिजोरीत कोण किती टाकतो हा प्रश्न बाजूला पडतो. तो पडू देऊ नये.

आयकरावर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो. उपकर म्हणजे करावरचा जोडकर. त्यात एक काना घाला, उपकार होतो. हा काना लोक नकळत घालतात. सरकारी दवाखान्यात 2023 च्या 15 ऑगस्टपासून उपचार मोफत झाले, तर त्याबद्दलही "सरकारनं उपकार केले" असंच बोललं जातं. दवाखाना उपकारावर चालत नाही, करावर चालतो. आणि कर सगळेच भरतात.

सीमेपलीकडे तेलंगणात अशाच रकमेला 'आसरा' म्हणतात. वृद्धांना 2016 रुपये. इकडच्या बायकांना हा आकडा तोंडपाठ आहे, कुणाची तरी लेक, बहीण तिकडं दिलेली असतेच. आसरा म्हणजे आश्रय. आपल्याकडची योजना मात्र माणसाला निराधार म्हणते, वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला मागते. शिवाय दरवर्षी हयातीचा. हयात म्हणजे जीवन. जिवंत आहे, हे त्या बाईनं जाऊन सांगायचं.

मागच्या महिन्यात कट्ट्यावर मी एका म्हातारीचा अंगठा पाहत होतो. कापसाच्या बोंडांनी, खडीनं त्याच्या रेषा पुसून गेलेल्या. मशीनवर तो दोनदा लागला नाही. तिनं पदरानं पुसला, जिभेनं ओला केला, पुन्हा ठेवला. कर म्हणजे हातही. तिसऱ्यांदा लागला.

"पडला का?"

"पडला, माय."

पाचशेच्या तीन नोटा तिनं दोनदा मोजल्या. दोन कमरेच्या पिशवीत गेल्या. तिसरी हातात धरून ती समोरच्या किराणा दुकानात गेली. चहापत्ती, साखर, साबणाच्या दोन वड्या. दुकानदारानं पैसे कापून घेतले, त्यात तिचा कर होता.