झिरो पॉवरची लेन्स: डोळ्यांचा रंग बाजारात कसा आला

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय थेट डोळ्यांत जाणारा आहे: रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स.

घाऱ्या डोळ्यांचं आपल्याकडे कौतुक जुनंच. घरात एखादं घारं पोर जन्मलं की ते कोणावर गेलंय यावर बारशापर्यंत चर्चा चालते. आता तोच घारा रंग, किंवा निळा, राखाडी, हिरवा, मोबाइलवर दोन मिनिटांत मागवता येतो. लिपस्टिक, नेलपेंट आणि लेन्स, तिन्ही एकाच कार्टमध्ये. आणि तिथेच खरी गंमत आहे. कारण लेन्स जन्मली ती दवाखान्यात. मग ती मेकअपच्या कप्प्यात कशी येऊन पडली? आजची गोष्ट तीच.

सुरुवात होते १८८७च्या आसपास. जर्मनीतल्या वीसबाडेन गावात म्युलर नावाचं कुटुंब काचेचे कृत्रिम डोळे बनवायचं. त्यांनी एका रुग्णासाठी काचेची पातळ वाटी फुंकून तयार केली. त्याच्या पापणीला इजा झाली होती आणि उघडा पडलेला डोळा सुकू नये म्हणून ही वाटी. त्याच सुमारास झुरिकमध्ये आडोल्फ फिक हा डॉक्टर नंबर सुधारण्यासाठी काचेची लेन्स बनवत होता. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या, मग रुग्णांच्या. १८८८मध्ये त्यानं ते छापून आणलं. ही लेन्स पार पांढऱ्या बुबुळापर्यंत पसरायची आणि जेमतेम दोन तास सहन व्हायची.

दोनच तास का? इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावरच आहे. डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला ऑक्सिजन मिळतो कुठून? मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. म्हणजे कॉर्नियावर काहीही ठेवलं की त्याचा श्वास थोडा तरी अडतो. काच ठेवली तर जवळजवळ पूर्णच. पॉवर मायनस चार आहे की शून्य, याच्याशी कॉर्नियाला काही देणंघेणं नाही.

काचेनंतर प्लास्टिक आलं. १९४८मध्ये कॅलिफोर्नियात केव्हिन टुओही यानं फक्त कॉर्नियापुरती छोटी कडक लेन्स आणली. पण लेन्स घराघरांत पोचवली ती प्रागच्या एका माणसानं, आणि ही कथा मला या सगळ्यात सर्वात आवडते.

ओट्टो विख्तेर्ले हा रसायनशास्त्रज्ञ. त्यानं द्राहोस्लाव लीम या सहकाऱ्याबरोबर पाणी शोषून मऊ होणारं एक प्लास्टिक तयार केलं होतं. त्याची लेन्स करायची तर कडा गुळगुळीत होईनात, आणि वरिष्ठांचा उत्साह मावळलेला. १९६१चा नाताळ. विख्तेर्लेनं घरीच मुलाचा मर्कूर हा खेळ घेतला (आपल्या मेकॅनोसारखा), त्याला सायकलचा डायनॅमो जोडला, दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि गरगर फिरणारा साचा उभा केला. साच्यात द्रवाचा थेंब टाकायचा. फिरता फिरता त्याचा वाटीसारखा आकार आपोआप होतो. त्या दुपारी पहिल्या चार मऊ लेन्स निघाल्या. पुढच्या चार महिन्यांत त्यानं आणि त्याच्या डॉक्टर बायकोनं मिळून साडेपाच हजार केल्या. पुढे सरकारी अकादमीनं हक्क अमेरिकेला विकले, १९७१मध्ये तिथे मऊ लेन्सला मान्यता मिळाली. विख्तेर्लेच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. उलट १९६८च्या राजकीय घडामोडींत तो सुधारणावाद्यांच्या बाजूनं उभा राहिला म्हणून १९७०मध्ये त्याला संस्थेच्या प्रमुखपदावरून काढलं.

मऊ लेन्स पाणी पिते, म्हणून टोचत नाही. पण जी वस्तू पाणी पिते ती पाण्यातलं इतरही धरून ठेवते, हे लक्षात असू द्या.

आता रंगाकडे. रंगीत लेन्सचा एक जुना उपयोग म्हणजे अपघातात पांढुरका झालेला डोळा झाकणं. दुसरा सिनेमा. १९५८च्या ब्रिटिश 'ड्रॅक्युला'त क्रिस्टोफर लीचे ते लालभडक डोळे लेन्सचेच, आणि त्या घातल्यावर त्याला धड दिसायचं नाही. १९८३च्या 'थ्रिलर'मध्ये मायकल जॅक्सनचे पिवळे डोळेही तसेच. पण मोठ्या सेटवर लेन्स घालायला आणि काढायला डोळ्यांचा माणूस हजर असतो. शॉट संपला की लेन्स बाहेर. पडद्यावर आपल्याला फक्त डोळे दिसतात, तो माणूस दिसत नाही.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या वेस्ली-जेसन कंपनीनं पारदर्शक लेन्सवर बारीक ठिपक्यांनी रंग छापला आणि गडद तपकिरी डोळाही निळा दिसू लागला. ज्यांना चष्मा नाही तेही आता गिऱ्हाईक झाले. इथेच झिरो पॉवरची पळवाट सापडली. नंबर नाही, आजार नाही, मग चिठ्ठी कशाला? अमेरिकेत या लेन्स सलूनमध्ये, चौपाटीवरच्या दुकानांत, हॅलोविनच्या कपड्यांशेजारी मिळू लागल्या. २००३मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अशा लेन्सनी डोळे बिघडलेल्या रुग्णांच्या नोंदी छापल्या. त्यात शाळकरी वयाची मुलंही होती. कॉर्नियावर जखम आणि त्यात सूडोमोनास नावाचा जिवाणू, जो एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. अखेर नोव्हेंबर २००५मध्ये अमेरिकेत कायदाच झाला: कॉन्टॅक्ट लेन्स कोणतीही असो, पॉवर असो वा नसो, ते वैद्यकीय उपकरण. ब्रिटननंही त्याच वर्षी झिरो पॉवरची विक्री नोंदणीकृत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणली.

कायदा आला म्हणून मोह गेला नाही. २००९मध्ये लेडी गागाचं 'बॅड रोमान्स' आलं आणि बाहुलीसारख्या टपोऱ्या डोळ्यांसाठी पूर्व आशियातल्या 'सर्कल लेन्स' जगभर ऑनलाइन मागवल्या जाऊ लागल्या. त्या व्हिडिओतले डोळे संगणकावर मोठे केलेले होते!

आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. म्हणून पाकिटावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि एक्स्पायरी शोधा. नसेल तर ते पाकीट परत. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडे माप घ्या. बुटासारखंच आहे हे: लेन्सचा बाक, ज्याला बेस कर्व्ह म्हणतात, आणि व्यास, दोन्ही तुमच्या डोळ्याला जुळावे लागतात. घट्ट बसली तर कॉर्निया गुदमरतो, सैल असली तर घासते. रंगाचंही बघा. चांगल्या लेन्समध्ये तो आतल्या थरात बंद असतो. काही स्वस्त लेन्सवर तो पृष्ठभागावरच उघडा राहतो, आणि खरखरीत जागी जंतूंना चिकटायला सोपं जातं. शिवाय रात्री बाहुली मोठी होते, लेन्सच्या मधल्या पारदर्शक गोलाबाहेर जाते आणि कडेनं धूसर दिसतं. अंधारात टू-व्हीलर चालवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी.

पाण्याचं तर विसरूच नका. १९८०च्या दशकात अमेरिकेत अनेक जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचं सलाइन बनवायचे. अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा डोळ्यातला दुर्मीळ आजार तिथे एकदम वाढला, तेव्हा शोध घेत घेत बोट या घरगुती सलाइनवर गेलं. हा जीव नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात सुखानं राहतो, आणि त्यावरचे उपचार महिनोन्महिने चालतात. तेव्हा लेन्सला फक्त लेन्सचं सोल्यूशन, तेही रोज ताजं. थुंकी लावून घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

लग्नसराईत एक प्रकार हमखास होतो. मेकअपवाली ताई सामानातल्या लेन्स काढते, 'कालच वापरल्यात, धुतल्यात' म्हणते, आणि मुहूर्ताच्या गडबडीत नवरी मान डोलावते. सीलबंद पाकीट समोर फोडलं तरच घाला, तेही आधी माप आणि सवय केली असेल तर. एकीची लेन्स दुसरीला नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. आणि मांडवातून परतल्यावर कितीही थकवा असला तरी झोपण्याआधी काढायच्या.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धुरकट दिसू लागलं तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग आणखी भडकू शकतो. काढलेली लेन्सही फेकू नका. डबीसकट सोबत न्या, प्रयोगशाळेत त्यावरून जंतू कोणता हे शोधायला मदत होते.