औद्योगिक घनकचऱ्याद्वारे कार्बन साठवण : सातारा व सांगली

उद्योगांतून उरणाऱ्या कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त घनकचऱ्याशी कार्बन डायऑक्साइडची अभिक्रिया घडवून त्या वायूचे टिकाऊ कार्बोनेट खनिज बनवण्याची पद्धत. हिला खनिज कार्बनीकरण म्हणतात. वॉल्टर झाइफ्रिट्झ यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली.

रसायन : ५६ किग्रॅ. कॅल्शियम ऑक्साइड ४४ किग्रॅ. वायू बांधून घेतो व १०० किग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. पोलादाची धातुमळी, सिमेंट भट्टीची धूळ व ॲसिटिलीन निर्मितीतील चुन्याचा गाळ यांत कॅल्शियम भरपूर असल्याने ते विशेष उपयुक्त ठरतात. कचरा बारीक व ओलसर असेल तर अभिक्रिया वेगाने होते.

स्थानिक कचरा : साखर कारखान्यांतील बगॅसची राख आणि फाउंड्रीतील वापरलेली वाळू यांत मुख्यतः सिलिका असते, त्यामुळे त्या वायू फारसा बांधत नाहीत. राखेचा खरा उपयोग सिमेंटचा काही भाग वाचवण्यात आहे. किर्लोस्करवाडीच्या १९१० मधील स्थापनेपासून सांगली परिसरात ओतकाम रुजले. ओतकामाच्या क्युपोला भट्टीत चुनखडी घातल्याने तिच्या धातुमळीत कॅल्शियम असते. मात्र ते काचेसारख्या सिलिकेटात अडकलेले असल्याने धातुमळी बारीक दळावी लागते. शिवाय तीच चुनखडी भट्टीत तापताना वायू सोडते, म्हणून या शोषणाचा काही भाग त्या उत्सर्जनाचीच परतफेड असतो.

वायूचा स्रोत : साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत किण्वनातून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, इथेनॉलच्या ९२ भागांमागे वजनाने ८८ भाग. धुराड्यातील वायूपेक्षा तो हाताळायला सोपा असतो.

बेसाल्टची भुकटी : दोन्ही जिल्हे दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहेत. या खडकात सुमारे १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. खडी क्रशरवरची डस्ट शेतात पसरल्यास पावसाच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड तिची झीज करतो आणि त्यातून बायकार्बोनेट बनते. ते नद्यांवाटे समुद्रात गेल्यावर हजारो वर्षे तेथे राहते. भारतीय शेतकऱ्यांच्या शेतांत असेच काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले. महाबळेश्वर, पाटण व शिराळ्याच्या पश्चिम भागातील भरपूर पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती या झिजेला पोषक आहे. माण, खटाव, आटपाडी व जत येथील कमी पावसाच्या, चुनखडीयुक्त जमिनीत ती मंदावते.

मर्यादा : दळण व वाहतुकीला लागणाऱ्या इंधनाचे उत्सर्जन शोषलेल्या वायूतून वजा करावे लागते. धातुमळीतील जड धातू पाण्यात झिरपतात का, हेही तपासावे लागते. वाहतूक कमी लागत असल्याने डिस्टिलरी व फाउंड्री एकमेकांजवळ असलेल्या ठिकाणी ही पद्धत अधिक लाभाची ठरते.