वऱ्हाडातील अस्पृश्यवर्गाची शिक्षण व राजकीय हक्कांची चळवळ

अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांत विसाव्या शतकात उभी राहिलेली दलित समाजाची चळवळ. शाळा, वसतिगृहे, सार्वजनिक पाणवठे, मंदिरप्रवेश व विधिमंडळातील प्रतिनिधित्व हे तिचे मुख्य विषय.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरविली. वऱ्हाडात हेच काम रूढीने केले. सरकारी शाळा नावापुरत्या खुल्या असत. पण महार-मांगांच्या मुलांना वर्गाबाहेर, ओसरीवर बसावे लागे. पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या गावी गेलेल्या मुलाला खोली, खानावळ वा विहीर मिळणे दुरापास्त. त्यामुळे चळवळीने शाळेइतकेच वसतिगृहाला महत्त्व दिले.

वाटचाल : नागपूर येथे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. त्या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडात ग. आ. गवई हे अस्पृश्यवर्गाचे अग्रणी होते. विधिमंडळातही त्यांनी या वर्गाचे प्रतिनिधित्व केले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातील प्रवेशासाठी तेथील इंद्रभुवन नाट्यगृहात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. विश्वस्तांना मुदत देऊन सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला.

कुणबी समाजातील डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात सहभागी होते. त्यांनी अमरावतीत काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहत व जेवत. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

मतभेद : १९३२ मध्ये मतदारसंघांच्या प्रश्नावर नेतृत्व दुभंगले. गवई यांनी संयुक्त मतदारसंघाचा पुरस्कार करणाऱ्या राजा-मुंजे कराराची बाजू घेतली. आंबेडकरांचा आग्रह स्वतंत्र मतदारसंघांचा होता. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली.

उत्तरकाळ : अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याशी या चळवळीचे असलेले नाते आंबेडकरांनी ओळखले होते; १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथर पक्षाचे नावच स्वीकारले.

मूल्यमापन : शिक्षणाचा लढा राहण्या-जेवण्याच्या व पाण्याच्या हक्कापासून वेगळा करता येत नाही, हे या चळवळीने ओळखले. तिने बहुजन नेतृत्वाशी केलेली युती राजकारणातही टिकली. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून विजयी झाले. त्यांपैकी प्रकाश आंबेडकर अकोल्याचे व रा. सू. गवई अमरावतीचे प्रतिनिधी होते.